मेमरीचा सातबारा

वैशाख सरत आला, की मुळशी खोऱ्यातला जुना शेतकरी शिडी लावून घरावर चढतो आणि गेल्या पावसाळ्यात ओटीवर जेथे भांडे मांडून ठेवावे लागले होते त्याच्या नेमके वरचे कौल न हलवता, तेथून हात-दोन हात वरच्या अंगाची कौले चाळू लागतो. कारण पाणी जेथे शिरते तेथेच टपकत नाही, वाशाच्या कडेने उतरत उतरत ते भलत्याच ठिकाणी ठिबकते, हे ज्ञान ताम्हिणीकडच्या पावसाने त्याच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या दिलेले असते. त्याच तालुक्याच्या पूर्वेस, हिंजवडी, माण आणि मारुंजी या गावांच्या शिवारांत औद्योगिक विकास महामंडळाने जे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान वसवले आहे, तेथे काचेच्या तावदानांआड बसलेली तरुण मंडळी ज्या गळतीपायी रात्री जागवतात तिचाही स्वभाव असाच आडवळणी आहे. दोष असतो एका ठिकाणी आणि सर्व्हर कोसळतो दुसऱ्याच ठिकाणी; किंबहुना मेमरी अगदीच संपुष्टात आली म्हणजे लिनक्स ही कार्यप्रणाली चालू प्रोग्रामांपैकी एखाद्याला ठार करून जागा मोकळी करून घेते, आणि ज्याचा असा बळी जातो तोच गुन्हेगार असतो असे मुळीच नाही.

या गळतीला संगणकाच्या व्यवसायात ‘मेमरी लीक’ म्हणतात. प्रोग्राम चालू असताना त्याला तात्पुरती जागा लागते. ती तो मेमरीच्या कारभाऱ्याकडून मागून घेतो, वापरतो, आणि काम झाल्यावर परत करतो, किंवा त्याने ती परत करावी अशी अपेक्षा असते. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडवलेल्या सी भाषेत हा सारा व्यवहार प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या शिरावर आहे: ‘मॅलॉक’ म्हणून मागायचे, ‘फ्री’ म्हणून सोडायचे. सोडायचे राहून गेले तर कोणी हटकत नाही, कोणी दंड करत नाही. जागा अडून राहते, इतकेच. एकदा अडली तर काही बिघडत नाही. परंतु महिनोन्‌महिने न थांबता चालणाऱ्या सर्व्हरमध्ये प्रत्येक कामागणिक एक कण अडत गेला, म्हणजे सावकारी व्याजासारखा तो आकडा माणसाच्या कल्पनेबाहेर वाढतो.

‘गळती’ हा शब्द मात्र मला नीटसा मानवत नाही. गळलेले पाणी भांड्यातून निघून जाते. ही मेमरी कोठेही जात नाही, ती जागच्या जागीच असते, तिच्यावर लिहिलेला मजकूरही बहुधा शाबूत असतो, आणि तरीही ती कोणाच्याच उपयोगाची राहत नाही. महसुलाच्या दप्तरात हिच्यासाठी नेमका शब्द आहे, तो म्हणजे बेवारस. गावच्या सातबाऱ्यात दोन नमुने एकत्र येतात: नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावे आहे ते, आणि नमुना बारामध्ये तिच्यात काय पिकते ते. अडून राहिलेल्या मेमरीच्या बाबतीत नमुना बारा भरलेला असतो, पीक डोलत असते. नमुना सात मात्र कोरा झालेला असतो. सी भाषेत जागेचा पत्ता ज्यात लिहून ठेवतात त्याला पॉइंटर म्हणतात. त्या पत्त्याचा शेवटचा कागद गहाळ झाला, की ती जागा परत करण्याची इच्छा असूनही परत करता येत नाही, कारण कोणती जागा परत करायची हेच सांगता येत नाही.

याचा दुसराही एक प्रकार आहे, आणि तो अधिक फसवा आहे. नमुना सात कोरा नसतो. त्यावर नाव असते, पण ते वारलेल्या माणसाचे. वारसनोंद झालेली नसते, कोणी कसायला येत नाही, आणि कागदोपत्री सारे सुरळीत असल्यामुळे तलाठ्यालाही काही खटकत नाही. प्रोग्रामच्या एखाद्या विस्मृत यादीत पत्ता लिहिलेला राहतो आणि त्या पत्त्याची गरज मात्र पुन्हा कधीच पडत नाही. पहिल्या प्रकाराचा शोध यंत्र लावू शकते. दुसऱ्याचा शोध माणसालाच लावावा लागतो.

मालकीचा प्रश्न मुळशीला समजावून सांगण्याची गरज पडू नये. टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी येथील जमिनी पाण्याखाली जाणार असे दिसताच १९२१ साली रामनवमीच्या दिवशी, १६ एप्रिल रोजी, या पेट्यात सत्याग्रह उभा राहिला, आणि पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नाव त्याच लढ्याने दिले. जमीन कोणाची, ती कोणी आणि कोणाच्या अनुमतीने सोडायची, हा तेथला वाद होता. संगणकातली जागा निर्जीव आहे आणि तिच्यासाठी कोणी तुरुंगात जात नाही, हे मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते, की चांगला प्रोग्रामर आणि चिवट कूळ यांच्यात एक गुण समान असतो: प्रत्येक तुकडा कोणाच्या नावावर आहे हे दोघांनाही तोंडपाठ असते.

आता ज्या प्रांतात हा घोटाळा विशेष माजतो तिकडे वळू. एक्सएमएल ही मजकुराला खुणा करून ठेवण्याची पद्धत वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रमाण म्हणून शिफारसली. तिच्यात प्रत्येक माहितीला नाव द्यायचे आणि कोनी कंसांत तिचा आरंभ व शेवट दाखवायचा, एवढेच मूळ तत्त्व. ही नावे देवनागरीतही देता येतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते; <गाव तालुका="मुळशी"/> ही ओळ पूर्णपणे नियमशुद्ध एक्सएमएल आहे. बँकांच्या आपसांतल्या निरोपांचे आयएसओ २००२२ हे प्रमाण, वर्डमध्ये लिहिलेल्या अर्जाचे पोट, विकिपीडियाच्या साऱ्या लेखांचा जाहीर साठा, या सगळ्यांत हीच भाषा आहे. ती वाचून प्रोग्रामला समजेल अशा रूपात मांडणाऱ्या भागास पार्सर म्हणतात.

पार्सर दोन जातींचे. पहिली जात कचेरीतल्या पुकारणाऱ्यासारखी असते: तो दस्तऐवज वाचत जातो आणि ‘गाव सुरू झाले’, ‘गाव संपले’ असे ओरडत जातो, ऐकणाऱ्याने जे टिपून घ्यायचे ते घ्यावे, पुकारणारा स्वतःजवळ काही ठेवत नाही. जेम्स क्लार्क यांचा एक्सपॅट हा या जातीचा. दुसरी जात सारा दस्तऐवज वाचून त्याची एक वंशावळ उभी करते: मूळ पुरुष, त्याची मुले, त्या मुलांची मुले, आणि प्रत्येकाला आपला बाप, पाठचा भाऊ व पुढचा भाऊ ठाऊक. डॅनियल व्हेयार यांनी नोम प्रकल्पासाठी लिहिलेली लिबएक्सएमएल-टू ही लायब्ररी अशी वंशावळ बांधून देते, आणि पीएचपीपासून पायथनच्या एलएक्सएमएलपर्यंत अनेकांचे संसार तिच्यावर चालतात. ही सोय स्वस्त नाही. वंशावळीतल्या एकेका असामीच्या नुसत्या नातेसंबंधांच्या नोंदीलाच शंभरावर बाइट लागतात, मग त्याच्या पोटी ‘होय’ एवढाच मजकूर का असेना.

वंशावळीचा मालक कोण, हे सहसा कोणी चुकत नाही. दस्तऐवज वाचला, काम झाले, दस्तऐवज सोडला. मूळ पुरुष सोडला की सारा वंश त्याच्याबरोबर सुटतो. घोटाळा होतो तो नकलांच्या बाबतीत. तहसील कचेरीत जाऊन दप्तर नुसते पाहता येते, आणि नक्कलही मागता येते. पाहिलेले दप्तर कचेरीचेच राहते, मागितलेली नक्कल मात्र मागणाऱ्याची होते आणि तिचे काय करायचे ते त्यानेच पाहायचे. लिबएक्सएमएल-टूमध्ये वर लिहिलेल्या ओळीतला तालुका विचारण्यासाठी ‘एक्सएमएल-गेट-प्रॉप’ नावाचे फंक्शन आहे. ते ‘मुळशी’ हा शब्द दप्तरातून दाखवत नाही, त्याची ताजी नक्कल करून हातात ठेवते. ती नक्कल ‘एक्सएमएल-फ्री’ म्हणून परत करायची असते, हे कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेले आहे. पण फंक्शनच्या नावात ‘घे’ असे आहे, ‘नक्कल घे’ असे नाही, आणि माणूस नावावर विश्वासतो. मूळ दस्तऐवज सोडला म्हणजे सगळे सुटले, अशा समजुतीने तो निश्चिंत होतो. नक्कल दप्तराचा भागच नसल्यामुळे मागे उरते.

या एका शब्दाचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. ‘मुळशी’ या शब्दात युनिकोडच्या दृष्टीने पाच चिन्हे आहेत: म, उकार, ळ, श आणि दीर्घ ईकार. यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे पंधरा; शेवटची खूण धरून सोळा. चौसष्ट-बिटी लिनक्सवर नेहमीचा मेमरीचा कारभारी सोळा बाइट मागणाऱ्यालाही बत्तीस बाइटांचा वाफा देतो, त्याहून लहान वाफा त्याच्याजवळ नाही. समजा, एखादा सर्व्हर सेकंदाला शंभर निरोप वाचतो आणि प्रत्येक निरोपामागे तालुक्याच्या नावाची एक नक्कल विसरतो. सेकंदाला ३,२०० बाइट. दिवसाला २७ कोटी ६४ लाख ८० हजार. चार गिगाबाइट मेमरी अशा रीतीने साडेपंधरा दिवसांत, म्हणजे जेमतेम एका पंधरवड्यात, केवळ ‘मुळशी, मुळशी, मुळशी’ एवढ्याच अक्षरांनी भरून जाते. चाचणी घेणारा आपली चाचणी पाच मिनिटांत उरकतो. त्या पाच मिनिटांत दहा लाख बाइटही अडत नाहीत. अशी चूक हिंजवडीत सापडत नाही, ती गिऱ्हाइकाकडे सापडते, आणि तीही पंधरा दिवसांनी.

हे अतिशयोक्त वाटत असेल त्याने लंडनच्या रुग्णवाहिका सेवेचे उदाहरण आठवावे. तेथे १९९२ च्या ऑक्टोबरात रुग्णवाहिका धाडण्याचे काम संगणकावर सोपवले गेले, आणि ४ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर ती सारी यंत्रणा ठप्प झाली. चौकशीअंती निघाले ते असे, की सुमारे तीन आठवड्यांपूर्वी एका प्रोग्रामरने केलेल्या दुरुस्तीत कोडचा एक लहानसा तुकडा मागे राहिला होता, आणि गाडी रवाना करण्याच्या प्रत्येक हुकुमागणिक तो सर्व्हरची थोडीशी मेमरी अडवून ठेवीत होता. एक्सएमएल तेव्हा जन्मले नव्हते. पण दोषाची जात हीच.

नकलांनंतरचा मोठा अपराधी म्हणजे विभक्त झालेला भाऊ. वंशावळीतून एखादी असामी काढून टाकायची असली म्हणजे तिला आधी कुटुंबापासून वेगळे करावे लागते. त्या क्रियेने तिचे नाते तुटते, पण ती नाहीशी होत नाही. खातेफोड झाली तरी माणूस मरत नाही, तसेच हे. आता मूळ पुरुष सोडला तरी हा विभक्त भाऊ सुटत नाही, कारण त्याचे नाव त्या वंशात उरलेलेच नसते. त्याला स्वतंत्रपणे सोडावे लागते. याच्या उलट दिशेची चूकही होते, आणि ती अधिक भयंकर. एक्सपाथ नावाच्या पद्धतीने दस्तऐवजात शोध घेतला, की उत्तरादाखल असामींची एक यादी मिळते. यादी ही शोधणाऱ्याची, यादीतल्या असामी मात्र दस्तऐवजाच्या. नवशिका माणूस उत्साहाच्या भरात यादीबरोबर असामीही सोडून देतो. पुढे दस्तऐवज सोडताना त्याच असामी पुन्हा सोडल्या जातात. एकाच जमिनीची दोन खरेदीखते झाल्यावर जे होते तेच येथे होते: मध्यंतरी ती जागा तिसऱ्याच कोणाला दिलेली असते, आणि प्रोग्राम तत्क्षणी कोसळतो, किंवा कोसळत नाही आणि खोटी माहिती छापत बसतो. असा एक अनुभव आल्यावर माणूस भितो. मग तो ज्याची मालकी निश्चित ठाऊक नाही ते सोडतच नाही. माझ्या मते पुष्कळशा गळत्यांचे मूळ या भीतीत आहे. त्यांना आळसाचे फळ म्हणणे अन्यायाचे होईल.

परंतु शोधणाऱ्याने पहिली धाड घालावी ती चुकीच्या दस्तऐवजांवर. सरळ वाटेने जाणारा कोड अनेकांनी वाचलेला असतो. वाट चुकल्यावर प्रोग्राम काय करतो हे कोणी पाहिलेले नसते. लिबएक्सएमएल-टूच्या जुन्या पद्धतीत वाचनाची सामग्री आणि वाचलेला दस्तऐवज या दोन वेगळ्या वस्तू आहेत. शेवटचा कंस बंद नसलेला, अर्धवट तुटलेला निरोप आला म्हणजे पार्सर ‘नामंजूर’ असे सांगतो. प्रोग्राम वाचनाची सामग्री सोडतो आणि परततो. पण नामंजूर होण्यापूर्वी जेवढे वाचले गेले तेवढ्याची अर्धी वंशावळ बांधून झालेली असते, आणि सामग्री सोडल्याने ती सुटत नाही. तिला वेगळे सोडावे लागते. अर्ज फेटाळला गेला तरी त्याला जोडलेली कागदपत्रे कचेरीत पडून राहतात, हा अनुभव ज्याला आहे त्याला हे लगेच उमजावे. सर्व्हरला ज्या दिवशी वाईट निरोप जास्त येतात त्याच दिवशी मेमरी चढते, असा योगायोग दिसला, की गळती कोणत्या वाटेवर आहे हे निम्मे कळले. २०१६ च्या अखेरीस गूगलने सुरू केलेल्या ओएसएस-फझ या सेवेत लिबएक्सएमएल-टूसारख्या लायब्रऱ्यांवर अशाच मोडक्यातोडक्या दस्तऐवजांचा अहोरात्र भडिमार केला जातो, तो उगाच नाही.

वारलेल्याच्या नावावर राहिलेल्या जमिनीचा मासला पाहायचा असल्यास अपाचे संस्थेचा झर्सीझ हा पार्सर पाहावा. त्याच्या सी-प्लस-प्लस अवतारात वंशावळ बांधणारा पार्सर आपण बांधलेला प्रत्येक दस्तऐवज स्वतःच्या कोठारात राखून ठेवतो आणि पार्सर नष्ट होईपर्यंत, अथवा कोठार रिकामे करण्याची स्पष्ट आज्ञा मिळेपर्यंत, त्यातले काहीही सोडत नाही. काटकसर म्हणून एकच पार्सर दिवसभर वापरणाऱ्या शहाण्या माणसाच्या गळ्याशी ही सोय येते: दहा हजार निरोप वाचले, तर दहा हजार वंशावळी कोठारात जपून ठेवलेल्या असतात. प्रोग्राम व्यवस्थित बंद केला, की पार्सर जातो, त्याच्याबरोबर कोठार जाते, आणि तपासनीस साधन म्हणते की गळती शून्य. त्याचे म्हणणे खोटे नसते.

ज्या भाषांत जागा परत करण्याचे काम प्रोग्रामरकडे नाहीच, त्यांतही हा मासला सुखाने नांदतो. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी कचरा वेचण्याची युक्ती १९६० साली प्रसिद्ध केली, आणि जावा, पायथन वगैरे भाषांत निरुपयोगी जागा आपोआप गोळा होते. परंतु गोळा करणारा फक्त बेवारस जागा उचलतो, वारलेल्याच्या नावावरची उचलत नाही. मराठी विकिपीडियाच्या लेखांचा एक्सएमएल साठा कोणालाही उतरवून घेता येतो. भाषेचा अभ्यास करणारा एखादा विद्यार्थी तो पायथनमध्ये एकेक लेख करून वाचू लागतो, प्रत्येक लेखाचे काम झाले की त्याचे पोट रिकामे करण्याची आज्ञाही देतो, आणि तरीही त्याच्या संगणकाची मेमरी चढतच जाते. कारण पोट रिकामे झाले तरी त्या लेखाची टरफले मूळ पुरुषाच्या मुलांच्या यादीत तशीच टांगलेली असतात. तीही यादीतून काढावी लागतात. शिधापत्रिकेवरून नाव कमी करण्यासाठी वेगळा अर्ज लागतो, त्यातलाच हा प्रकार. डॉटनेटच्या एक्सएमएल सिरिअलायझरमध्ये तर काही विशिष्ट रीतीने तो निर्माण केल्यास दर वेळी कोडचीच एक नवी जुडी मेमरीत चढते आणि प्रोग्राम संपेपर्यंत उतरत नाही. तो एकदाच निर्माण करून हाताशी ठेवणे एवढाच त्यावर इलाज.

शोध कसा घ्यायचा? पहिली गोष्ट, घाई करू नये. मेमरी वाढली म्हणजे गळती झालीच असे नव्हे. आषाढात मुळशीच्या धरणाचे पाणी चढते म्हणून कोणी आनंदाने वा चिंतेने वेडा होत नाही. चढ-उतार हा त्या जलाशयाचा धर्म आहे, आणि धरण झिरपते की नाही हे पाहणारा अभियंता पातळीवर विसंबत नाही, पायथ्याशी निघणारे पाणी वेगळे मोजतो. सर्व्हरही सकाळी आपली कोठारे भरून घेतो. शिवाय मेमरीचा कारभारी परत आलेली जागा लगेच सरकारजमा करीत नाही, पुढल्या मागणीसाठी आपल्यापाशीच ठेवतो, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला ती वापरात असल्यासारखी भासते. यास्तव एकच दस्तऐवज हजार वेळा वाचावा, आकडा लिहून ठेवावा, आणखी हजार वेळा वाचावा, पुन्हा लिहावा, आणखी हजार. पहिल्या हजारात झालेली वाढ विसरून जावी. दुसऱ्या व तिसऱ्या हजारांत सारखीच वाढ झाली, तर मात्र पंचनाम्यास बसावे. मग नुसते वाचून सोडून पाहावे. वाढ नसेल तर शोध जोडावा, त्यानंतर नकला. जो जोडल्यावर आकडा हलतो तो भाग आरोपी.

यापुढे यंत्राची मदत घ्यावी. या साधनांचा मूळ पुरुष ‘प्युरिफाय’. तो विकणारी प्युअर सॉफ्टवेअर ही कंपनी १९९१ साली स्थापन करणारे रीड हेस्टिंग्ज पुढे नेटफ्लिक्सचे संस्थापक म्हणून जगाला ठाऊक झाले, आणि मेमरीचे हिशेबनीस म्हणून त्यांना ओळखणारे आता थोडेच उरले आहेत. आजचे सर्वपरिचित साधन म्हणजे ज्यूलियन सिवर्ड यांचे व्हॅलग्राइंड, २००२ पासून सर्वांना मुक्त. प्रोग्राम त्याच्या देखरेखीखाली चालवला म्हणजे तो दहापट ते तीसपट सावकाश चालतो; त्या बदल्यात जागेच्या प्रत्येक मागणीची व परतीची नोंद होते, आणि शेवटी बेवारस जागांची यादी हाती येते, कोणत्या फंक्शनने कोणाच्या सांगण्यावरून ती मागितली होती या सविस्तर साखळीसह. ही साखळी हाच खरा दाखला. मागणी करणारे शेवटचे फंक्शन नेहमी लायब्ररीचेच असते, म्हणून नवशिके ‘लायब्ररी गळते’ अशी फिर्याद घेऊन धावतात. साखळी तशीच खाली वाचत गेले, की चार-पाच पायऱ्यांनंतर आपल्याच हस्ताक्षरातले फंक्शन भेटते.

व्हॅलग्राइंड बेवारस जागांची वर्गवारी करते आणि ती वाचण्याची एक रीत आहे. एखादा संपूर्ण दस्तऐवज सोडायचा राहिला असेल, तर मूळ पुरुष ‘निश्चित गहाळ’ या सदरात येतो आणि त्याचा सारा वंश, हजारो असामी, ‘त्याच्यामुळे गहाळ’ या सदरात. दुसऱ्या सदराचा प्रचंड आकडा पाहून छाती दडपते. तिकडे पाहूच नये. पहिल्या सदरातली एक ओळ दुरुस्त केली, की हजारो नोंदी आपोआप मिटतात. ‘अजून हाताशी’ असे एक तिसरे सदर असते. त्यात लायब्ररीने आरंभी स्वतःसाठी घेतलेल्या जागा दिसतात, आणि त्या गळती नव्हेत. त्या मिटवण्यासाठी ‘एक्सएमएल-क्लीनअप-पार्सर’ हे फंक्शन आहे. ते प्रोग्रामच्या अगदी अखेरीस एकदाच बोलवायचे. यादी स्वच्छ दिसावी म्हणून प्रत्येक दस्तऐवजानंतर ते बोलावणारे महाभाग असतात, आणि त्याच प्रोग्राममधला दुसरा एखादा भाग तीच लायब्ररी वापरत असला म्हणजे त्याच्या पायाखालची जमीन काढून घेतात. पण झर्सीझच्या कोठारासारख्या गळत्याही याच तिसऱ्या सदरात लपतात किंवा कोठेच दिसत नाहीत. त्यांच्यासाठी व्हॅलग्राइंडचेच मॅसिफ हे भावंड वापरावे. ते प्रोग्राम चालू असताना ठराविक अंतराने मेमरीचा नकाशा काढते आणि कोणत्या मागणीने किती जागा धरून ठेवली आहे ते दाखवते. ज्याचा वाटा दर नकाशात वाढतो, त्याच्या वारसाची चौकशी करायची. क्लँग आणि जीसीसी या कंपायलरांत आता लीक-सॅनिटायझर हे साधन आलेले आहे. ते इतके हलके आहे, की रोजच्या चाचण्यांत कायमचे ठेवता येते, आणि ते न ठेवण्यास मला तरी सबळ कारण दिसत नाही.

सी-प्लस-प्लसमध्ये मालकी भाषेच्याच हवाली करता येते: पॉइंटरभोवती असा एक रखवालदार उभा करायचा, की फंक्शनमधून कोणत्याही दाराने, सरळ वा चुकीच्या, बाहेर पडले तरी तो जागा परत करूनच निघेल. २०११ च्या प्रमाणापासून असा ‘युनिक-पॉइंटर’ भाषेत तयार मिळतो आणि लिबएक्सएमएल-टूच्या नकलांनाही तो लावता येतो. रस्टसारख्या भाषेत प्रत्येक वस्तूला एकच मालक हा नियम कंपायलर स्वतः पाळायला लावतो. परंतु हिंजवडीत काय किंवा अन्यत्र काय, पोटापाण्याचे बहुतेक काम हे दुसऱ्यांनी पूर्वी लिहून ठेवलेल्या कोडवर चालते, आणि तो कोड सर्वच्या सर्व नव्याने लिहिण्याची मुभा कोणी देत नाही.

म्हणूनच या व्यवसायात एक उपाय चालतो, ज्याची वाच्यता सहसा सभेत होत नाही: दररोज पहाटे सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करणे. प्रोग्राम मेला म्हणजे त्याची सारी जागा, बेवारस असो वा वारलेल्याच्या नावची, कार्यप्रणालीकडे सरकारजमा होते. अपाचेच्या वेब सर्व्हरमध्ये तर अमुक इतक्या जोडण्या हाताळल्यावर कामकऱ्याला निवृत्त करून नवा नेमण्याची अधिकृत तजवीजच आहे, आणि अपघाती मेमरी लीकला आळा बसावा हा तिचा हेतू त्याच्या कागदपत्रांत उघड लिहिलेला आहे. पंडित मंडळी या उपायाला हसतात. मी हसत नाही. भर आषाढात छपरावर कोणी चढत नाही, ओटीवर भांडेच मांडतात, आणि भांडे किती वेळात भरले ते ध्यानात ठेवतात, म्हणजे पुढल्या वैशाखात कोणत्या वाशापासून सुरुवात करायची ते ठरवता येते.